वरची बाटली, खालची बाटली

गेल्या उन्हाळ्यात माझ्या पुतण्याची मूत्रपिंडं तापात बंद पडली. अतिदक्षता विभागात त्याच्या खाटेशेजारी कपाटाएवढं मशीन उभं केलं होतं. एका नळीतून रक्त जायचं, दुसरीतून परत यायचं. तो आता घरी आहे, ठणठणीत आहे. परवा त्यानं मला स्कूटरवर मागे बसवून इंदूरबाहेर राऊपर्यंत फिरवून आणलं. पण तो आत होता तेव्हा बाहेर बाकावर बसलेली आमची माणसं मला एकसारखी विचारत होती, "काकी, तुमचं पण असंच झालं होतं ना? आत पडल्या-पडल्या कसं वाटतं? ऐकू येतं का?"

मी म्हटलं, येतं बाबांनो. सगळं ऐकू येतं. कसं ऐकू येतं, तेवढं मात्र सांगता येत नाही.

तर ते म्हणाले, लिहून काढा, पुढे कुणाच्या उपयोगी पडेल. घ्या, लिहिते. माझी जीभ साताऱ्याची, मला गोड बोलता येत नाही. तेव्हा गोड लिहीन अशी आशा धरू नका.

मी कोण, कुठली

माझी आई मी लहान असतानाच गेली. वडिलांनी मला वाढवलं आणि एक दिवस थेट इंदूरला देऊन टाकलं. संस्थानं मोडून मध्य भारत राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. सासर छत्रीबागेत. सासऱ्यांच्या आज्यापासून सगळे होळकरांच्या पागेत. संस्थान गेलं, घोडे गेले, मामंजींकडे मिशी तेवढी राहिली. आमचे हे देपालपुरच्या शाळेत मास्तर होते, शनिवारी यायचे नि सोमवारी सकाळच्या मोटारीनं परत जायचे.

घरात मराठी बोलत, पण ती माझ्या गावची नव्हे. अलमारी, झाडू-पोंछा, "जरा रुक, येते मी". सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या म्हणायच्या, "शालन, इथं जरा नरम बोलत जा गं. शेजारचे समजतात झगडा चालू आहे." हिंदी मला नावापुरतीच यायची. भाजीवालीशी आत्याबाई बोलायच्या, दूधवाल्याशी मामंजी. मला उंबऱ्याबाहेर बोलायची वेळच यायची नाही.

आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. पाळणा वरच्या खोलीत पडून होता, ह्यांच्या वेळचा. आत्याबाई म्हणाल्या, "बाळ झालं की पाळणा खाली आणायचा, माझ्या खोलीत. तुला जिना नको, मला पण नको." मी त्याला फडक्यानं पुसून काढलं. लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं.

तो दिवस

आठवा महिना सरत आला होता. मी भाकरी थापत होते. पोटात एकदम कळ आली आणि पायाखाली रक्त दिसलं. आत्याबाईंची हाक, मामंजींची धावपळ, टांगा, एवढं आठवतं. टांग्यात आत्याबाईंनी माझं डोकं मांडीवर घट्ट दाबून धरलं होतं आणि टांगेवाल्याला म्हणत होत्या, "भिया, जल्दी रे, जल्दी."

पुढचं आठवतं ते दवाखान्याचं छत. घसा कोरडा. मी विचारलं, "बाळ?"

आत्याबाई लगेच म्हणाल्या, "मुलगा झाला. नाजूक आहे, दवाखान्यात नाही ठेवत असं लहान पोर. घरी नेलं."

"मला दाखवलं नाही?"

"तू शुद्धीवर होतीस का?"

बरोबर होतं. मी परत डोळे मिटले. मुलगा झाला, माझ्या अंगातलं निम्मं रक्त गेलं तर गेलं, असं मला वाटलं. मी खूश होते. खरंच खूश होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेब खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. तरुण होते, विलायतेत शिकून आलेले. त्यांनी सिस्टर लिलीला विचारलं, "कितनी?" ती म्हणाली, "कुछ नहीं, साब." तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. लघवीचा थेंब नाही. मला आधी लाजच वाटली. चार माणसांत ह्याची चर्चा कशाला? मग डॉक्टरसाहेब खुर्ची ओढून बसले आणि त्यांच्या इंदुरी मराठीत म्हणाले, "देखो बाई, रक्त फार गेलं ना, तर तुमच्या मूत्रपिंडांनी काम बंद केलं आहे. शरीरातला कचरा बाहेर पडत नाही. बहुतेक दहा-बारा दिवसांत ती आपोआप परत चालू होतात. तेवढे दिवस तुम्हाला टिकायचं आहे."

"नाही चालू झाली तर?"

त्यांनी सिस्टरकडे बघितलं. मी साताऱ्याची, आडून विचारणारी नव्हे. पण तेव्हा वाटलं, उगाच विचारलं.

पाणी

लोक म्हणतात दुखणं वाईट. मी म्हणते तहान वाईट. बाहेर जात नाही तर आत घालायचं नाही, हा हिशेब. दिवसभरात सगळं मिळून दोन फुलपात्रं. सिस्टर औषधाच्या पेल्यानं मोजून द्यायची. जीभ टाळूला चिकटायची, बोलताना सोलून काढावी लागायची. समोरच्या खाटेवरची बाई तांब्या वर धरून घटाघटा प्यायची आणि मी तिचा गळा हलताना बघत राहायची. त्या गरीब बाईचा मला इतका राग आला होता की बस.

एक कबूल करते. कपाळावर ओली पट्टी ठेवायचे. कुणी नसलं की मी ती ओढून तोंडात धरायची आणि चोखायची. आयोडिनची चव, घामाची चव. दोन दिवस हा चोरटा कारभार चालला. सिस्टरला कळलं तेव्हा ती रागावली नाही. तिनं पट्टी पिळून घट्ट केली आणि माझ्या ओठांना ग्लिसरिन लावलं.

खायला लोणी नि साखर. मीठ नाही, डाळ नाही, दूध नाही, फळ नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण मोसंबी घेऊन यायचा आणि आत्याबाई त्याला दारातच अडवायच्या. "मोसंबी बिलकुल नाही. डॉक्टरनं जहर सांगितलंय." पाहुणे नाराज होऊन जायचे. लोण्याचे गोळे साखरेत घोळवून त्या मला भरवायच्या. "खा. किसनदेवाचं खाणं आहे." दोन गोळे आत जायचे, एक परत यायचा.

गेंदाबाई काय म्हणाली

वॉर्डात गेंदाबाई नावाची आया होती. माळव्यातल्या खेड्यातली, हातानं हलकी. पाचव्या दिवशी ती नि सिस्टर माझी चादर बदलत होत्या. मी डोळे मिटून पडले होते. गेंदाबाईनं मला कुशीवर वळवलं आणि सिस्टरला म्हणाली, "बापड़ी को पालणो तो खाली रई ग्यो."

सिस्टर म्हणाली, "शू!"

मला वाटलं, मी झोपलेय म्हणून सिस्टरनं गप्प केलं. वाक्यातले मला दोनच शब्द कळले, आणि ते दोन्ही माझ्या ओळखीचे होते. पाळणा. खाली. म्हणजे पाळणा खाली आणला! आत्याबाईंनी ठरवल्याप्रमाणे आपल्या खोलीत ठेवला. गेंदाबाईला त्यांनीच सांगितलं असणार. दोघी व्हरांड्यात बोलत बसायच्या. म्हणजे बाळ पाळण्यात आहे, आत्याबाईंच्या खाटेशेजारी आहे, रडलं तर त्यांना ऐकू येतं.

तोवर मला मनातून थोडी धाकधूक होती. आत्याबाई माझ्याकडे न बघता बोलायच्या म्हणून असेल. त्या दिवशी ती गेली. परकी आया कशाला खोटं बोलेल? मी ठरवलं, आता मरायचं नाही. लोण्याचे तीन गोळे खाल्ले आणि तिन्ही आत ठेवले.

माझ्या छातीत दूध भरलं होतं, दगड झाला होता. मी सिस्टरला खुणेनं म्हटलं, काढून घरी पाठवा. ती म्हणाली, "तुम्हारे खून में अभी कचरा है. बच्चे को नहीं चलेगा." आणि आत्याबाईंनी जुन्या लुगड्याची पट्टी करून छाती करकचून बांधली. शेजारची बाई बाळाला पाजते म्हणाल्या. त्या शेजारणीचाही मला राग आला. त्या दिवसांत माझा राग सगळ्यांवर निघत होता.

आत्याबाई रोज दुपारी यायच्या आणि बाळाचं सांगायच्या. आज उजव्या कुशीवर झोपला. आज मुठी आवळल्या. आज मामंजींची मिशी पकडली. मी म्हणायची, "एवढ्याशा पोरानं मिशी कशी पकडली?" त्या म्हणायच्या, "अगं, लागली हाताला."

दोन बाटल्या

आठव्या दिवसापासून माझं मला कळेनासं झालं. अंग सुजलं, उचकी थांबेना, तोंडाला वास यायला लागला. भिंतीवर आमच्या गावची म्हैस चालताना दिसायची. रविवारी येऊन गेलेल्या ह्यांना देपालपुरहून परत बोलावून घेतलं. डॉक्टरसाहेब म्हणाले, "एक उपाय आहे. पोटात नळी घालून औषधी पाणी सोडायचं, थोडा वेळ ठेवायचं, मग बाहेर काढायचं. ते पाणी रक्तातला कचरा घेऊन बाहेर येतं."

मामंजी म्हणाले, "इथं कुणाला केलंय?"

"नाही. मी विलायतेत एकदा होताना बघितलं आहे."

"बघितलं आहे?" मामंजींचा आवाज चढला. "भियाजी, बघून तर मी पण तोफ उडवीन! सुनेला घरी नेतो मी. जवाचं पाणी पाजतो. जे व्हायचं ते घरी होऊ द्या."

हे भिंतीला टेकून रडायला लागले. मास्तर माणूस, साऱ्या वर्गाला दरारा, आणि इथे हातपाय गाळून बसले. तेव्हा आत्याबाई उठल्या. मामंजींसमोर मान वर न करणारी बाई. म्हणाल्या, "जे व्हायचं ते झालंय एकदा. आता हिला नेऊ देणार नाही मी कुणाला. डॉक्टरसाब, करा." मी त्या म्हशीमागून हे सगळं ऐकत होते. 'झालंय एकदा' हे शब्द कानावर पडले आणि तसेच निघून गेले.

बेंबीखाली बधिर करून नळी घातली. लोखंडी दांडीवर मोठी काचेची बाटली टांगली. पाणी रबरी नळीतून पोटात यायचं. मग वरची नळी चिमट्यानं बंद करायचे, आणि दुसऱ्या नळीनं पाणी खाटेखाली ठेवलेल्या बाटलीत उतरायचं. वरची बाटली, खालची बाटली. डॉक्टरसाहेबांचं सगळं यंत्र एवढंच. पुतण्याच्या मशीनला दिवे होते, शिट्ट्या होत्या. माझ्या मशीनला गेंदाबाई होती. ती बाटल्या गरम पाण्याच्या बालदीत ठेवायची, टॉवेलात गुंडाळून आणायची आणि आपल्या गालाला लावून बघायची. पहिली बाटली गार आली होती तेव्हा मी किंचाळले होते. पोट टम्म फुगायचं आणि दुखायचा मात्र खांदा. का, ते मला अजून कळलेलं नाही. तुमच्या माणसाचं खांदा दुखतोय असं म्हणणं असेल तर त्याला वेड्यात काढू नका.

दिवसभर आणि पुढेही बाटल्या चालू राहिल्या. आत्याबाई खालच्या बाटलीकडे डोळ्यांत तेल घालून बघत बसायच्या. पिवळट पाणी उतरायला लागलं की म्हणायच्या, "येतंय. येतंय गं."

डोकं साफ झालं

तिसऱ्या सकाळी मी जागी झाले तर उचकी नव्हती. भिंतीवर म्हैस नव्हती, नुसता चुना होता. मला आपली खाट कळली, वार कळला, भूक कळली. किती दिवसांनी मी एक विचार सुरू करून शेवटपर्यंत नेत होते! आत्याबाई अजून यायच्या होत्या. गेंदाबाई खाटेशी उभी होती. तिनं वर बघितलं आणि हाक मारली, "सिस्टर, ऊपर वाली बोतल खाली हुई गी."

मी पण वर बघितलं. बाटली दांडीवर टांगलेली होती, होती तिथेच. मला हसू आलं. आठवडाभरात पहिल्यांदा. माझ्या मोडक्या हिंदीत म्हटलं, "गेंदाबाई, बोतल तो ऊपर है. खाली किधर है?"

ती पण हसली. "अरे बई, नीचे नी. खाली. रीती." आणि मला कळेना म्हणून तिनं माझा औषधाचा पेला उचलला, उपडा केला आणि हलवून दाखवला. "देखो. खाली."

ती दुसरी बाटली आणायला गेली.

खाली म्हणजे रिकामं. मी ते मनात एकदा म्हटलं. मग ते दुसरं वाक्य आपोआप वर आलं. मी त्याला येऊ नको म्हटलं, तरी आलं. पालणो तो खाली रई ग्यो.

मी छताकडे बघत राहिले. खरं सांगायचं तर मला आधीच कळलं होतं की काय, असंही कधी वाटतं. दहा महिने इंदुरात राहून एवढा शब्द कानावरून गेला नसेल? गेला असेल. पण मला जो अर्थ हवा होता तो मी घेतला, आणि त्याला धरून ते सगळे दिवस काढले.

दुपारी आत्याबाई आल्या. "आज तुझ्या पोरानं अंगठा तोंडात घातला," म्हणाल्या. मी त्यांच्या हातांकडे बघितलं. पदराचं टोक त्या बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. ही बाई घरून निघून दवाखान्यापर्यंत चालत येताना वाटेत रोज एक नवं घडवत असणार. मला त्यांची दया आली, आणि तेवढाच संतापही. पण मी बोलले नाही. बोलले असते तर ते खरं झालं असतं. मी विचारलं, "कुठला अंगठा?"

त्या गडबडल्या. "डावा," म्हणाल्या.

थेंब

त्यानंतर दोन दिवसांनी लघवी झाली. चमचाभर. सिस्टर काचेचं मोजपात्र उजेडात धरून व्हरांड्यात पळत गेली. डॉक्टरसाहेब आले, तेही पात्र हातात घेऊन उभे राहिले. संध्याकाळी थोडी जास्त, दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त, मग तर पूर. माझ्या लघवीसाठी मामंजींनी वॉर्डात पेढे वाटले, आणि बाटल्यांना नावं ठेवणाऱ्या ह्याच माणसानं डॉक्टरसाहेबांचे पाय धरायला वाकून दाखवलं. ते मागे सरले म्हणून राहिलं.

मी ढसाढसा रडत होते. सगळे म्हणाले, आनंदानं रडतेय बिचारी. ह्यांनी माझा हात धरला, म्हणाले, "आता घरी जायचं. आता बाळ..." आणि त्यांचं वाक्य तिथंच राहिलं. घरी जायचं म्हणून मी जगले होते. आता जाऊन करायचं काय, हे कुणाला विचारणार?

लोक मला विचारतात, आजारी माणसाला खरं सांगावं का? मला ठाऊक नाही. खोट्यानं मला दहा-अकरा दिवस ओढून आणलं, हे खरं आहे. त्या खोट्याबद्दल माफ करायला मला बरीच वर्षं लागली, हेही खरं आहे. एवढंच सांगते: खाटेजवळ उभं राहून बोलताना, तो झोपलाय असं धरून चालू नका.

वेणी

नळी काढून चार दिवस झाले होते. मला पाणी हवं तेवढं प्यायला मिळत होतं. केसांच्या मात्र जटा झाल्या होत्या. आत्याबाई घरून कंगवा आणि खोबरेल घेऊन आल्या, मला बसतं केलं आणि पाठीमागे बसून गुंता सोडवायला लागल्या. मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं, त्यांना माझं दिसत नव्हतं. त्यांनी सुरू केलं, "आज बाळ काय म्हणे..."

मी म्हटलं, "आत्याबाई, नाक कुणाचं होतं?"

कंगवा थांबला. 'होतं' हे त्यांनी बरोबर ऐकलं होतं. मग अगदी बारीक आवाज आला, "कोण बोललं तुला?"

"कुणी नाही. सांगा. नाक कुणाचं होतं?"

"तुझं," त्या म्हणाल्या. "असंच नकटं." आणि मग, "शालन, मुलगा नव्हता गं. मुलगी होती. पोटातच गेली होती. मला वाटलं, मुलगा म्हटलं तर तू जगायला जास्त जोर लावशील."

इतके दिवस मी एका मुलाला झोपवत होते, त्याच्यासाठी लोणी गिळत होते, दोन रात्री रडलेही त्याच्यासाठीच. आणि माझी मुलगी होती. तिच्यासाठी मी एकदाही रडले नव्हते. ती होती हेच मला माहीत नव्हतं. मला इतका राग आला की मी उठून जाणार होते, पण उठायची ताकद नव्हती.

"तुम्ही घेतलं होतं तिला?" मी विचारलं.

"घेतलं होतं. दिलं तेवढा वेळ."

"केस होते?"

"होते. काळे. कानावर आलेले."

"अंगावर काय घातलं?"

"माझं पातळ होतं, पिवळं. ते फाडलं."

"आणखी सांगा. आता खरं तेवढंच सांगा."

कंगवा परत चालू झाला. त्या एकेक आठवून सांगत गेल्या. हाताची बोटं लांब होती. डाव्या गालाला बारीक तीळ होता. अंग अजून गरम होतं. मग त्या थांबायच्या, आणखी काही आहे का म्हणून आठवायच्या. सांगण्यासारखं फार नव्हतंच. माझी एक वेणी घालून होईपर्यंत तिचं सगळं सांगून संपलं.